टोपातला भात

आमच्या घरात जेवणाचं टेबल आलं ते एका परदेशी मुलीसाठी, आणि त्यावर आजवर जेवलो तो फक्त मी. सहा माणसांचं टेबल आहे. फणसाचं लाकूड, गावच्या सुताराने केलेलं. नवं होतं तेव्हा पिवळंधमक होतं, आता लाल पडत चाललंय. येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवून म्हणतो, "झकास झालंय हो!" झालंय ना झकास? मग बसा की! पण कोणी बसत नाही. माणसं ओटीवर बसतात, नाहीतर सरळ आत स्वयंपाकघरात जातात.

मी राजापूरजवळच्या खेड्यातला. नोकरी सगळी पोफळीला झाली, कोयनेच्या वीजघरात. डोंगराच्या पोटातलं काम आणि ड्युटी पाळीची. सकाळ, दुपार, रात्र अशी पाळी फिरायची, त्यामुळे आमच्या क्वार्टरमध्ये जेवणाला घड्याळ नव्हतं. मी निघायच्या आधी किंवा आल्यावर माझं ताट वाढलं जायचं, बायको मागाहून जेवायची. आमच्यात पूर्वीपासून तसंच होतं, पाळीमुळे ते आणखी पक्कं झालं. निवृत्त होऊन गावी आलो, पाळ्या संपल्या, तरी पहिलं ताट माझंच राहिलं. ती आत कधी जेवते आणि काय जेवते, हे बघायला मी कधी गेलो नाही.

दिवाळी झाली आणि गावच्या शाळेचे गुरुजी एका सकाळी ओटीवर येऊन बसले. म्हणाले, परदेशातली काही तरुण मुलं आपल्या जिल्ह्यात येतायत, बिनपगारी काम करायला. कोणी आंजर्ल्याला कासवांच्या कामावर, कोणी शाळांतून इंग्रजी शिकवायला. आपल्या शाळेत एक मुलगी येणार आहे, पोर्तुगालची. शिमगा होईपर्यंत राहील. तिला घर पाहिजे.

"आमचंच घर का म्हणे?" मी विचारलं.

"गावात कमोडचा संडास तुमच्याकडेच आहे ना."

आमच्या मुंबईच्या मुलाने माझ्या गुडघ्यांसाठी बसवून दिला होता तो. म्हणजे आमची निवड संडासावरून झाली. असेना! गावात कोणाकडे परदेशी पाहुणी येणार, तर आमच्याकडे. माझी मान दोन दिवस ताठ होती. मग त्या मुलांची व्यवस्था बघणाऱ्या एक बाई पुण्याहून घर बघायला आल्या आणि त्यांनी विचारलं, "टेबल-खुर्ची आहे ना?" मी ठोकून दिलं, "आहे. म्हणजे, येतंय." त्याच दुपारी सुताराकडे गेलो.

माझा मनातला बेत सांगतो. ती मुलगी आणि मी टेबलाशी बसणार. मी तिला कोयनेचं पाणी डोंगरातून खाली कसं येतं, त्यावर चक्र कसं फिरतं, हे सगळं इंग्रजीत समजावणार. वीजघर बघायला साहेब लोक यायचे, त्यांना सांगून सांगून मला ते पाठ होतं. ऐकणारं माणूस घरी येतंय म्हटल्यावर मी दोन सदरे इस्त्री करून घेतले. बायको म्हणाली, "तुमचं लग्न ठरलंय काय?"

मुलगी आली. उंच, काळे कुरळे केस, नाकावर उन्हाचे डाग, वय असेल आमच्या धाकट्या भाचीएवढं. मला काका म्हणाली, बायकोला काकी. तेवढं बसमध्ये शिकून आली होती. संध्याकाळी टेबलावर दोन ताटं मांडली. बांगड्याचं कालवण, भात, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी बसलो, ती बसली. मी जेवायला लागलो. ती हात जोडून बसून राहिली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली.

"ईट, ईट," मी म्हणालो.

तिने हसून मान हलवली. बायको वाढायला आली, की ही आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढायची. बायको आत गेली, की खुर्ची पुन्हा जागेवर. माझं जेवून झालं, ढेकर आली, तरी हिचा भात तस्साच. मला वाटलं, मुलीला काही कळत नाहीय, आपण समजावलं पाहिजे. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. "आय फर्स्ट." मग आत बोट दाखवलं. "काकी सेकंड. शिफ्ट. सिस्टीम."

"आऽऽ!" तिचा चेहरा उजळला. ताट उचललंन आणि गेली की आत!

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तिला वाटलं, या घरात दोन पाळ्या आहेत, पुरुष पहिल्या पाळीला आणि बायका दुसऱ्या. पाहुणीने घराचे नियम पाळायचे, असं त्यांना येताना शिकवलेलं असतं म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसलो, तर ती मला सलाम ठोकून म्हणाली, "काका फर्स्ट. मी सेकंड." मी बायकोला म्हटलं, "अगं, तिला सांग, ती पाहुणी आहे, तिला चालतं इथे." बायको म्हणाली, "राहू दे हो. मला सोबत होते."

मला सोबत होते! मग मला काय भुतं होती सोबतीला?

तर असा मी सहा माणसांच्या टेबलाशी एकटा जेवायला लागलो. माझं जेवण पूर्वीही एकट्यानेच व्हायचं, पण तेव्हा आतून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. आता हसणं यायला लागलं. माझी बायको हसायची! आवाज वर चढत जायचा, मग खोकला, मग "मेली, पुरे गो, ठसका लागेल!" आमचा संसार एवढ्या वर्षांचा, आणि ती असं हसते हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

एके दिवशी तांब्या रिकामा करून मी पाणी प्यायला आत गेलो. दोघी जमिनीवर, पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात ताटं नव्हतीच. मधोमध कालवणाचा टोप होता. माझं वाढून झालं की टोपाच्या कडेला आणि बुडाला जो मसाला धरून राहतो, त्यात बायकोने गरम भात टाकला होता, वरून खोबरेल तेलाची धार सोडली होती, आणि दोघी एकाच टोपात हात घालून भात कालवून खात होत्या. ती मुलगी बांगड्याचं डोकं असं काही चोखत होती, की खाडीवरच्या एखाद्या म्हातारीने शिकून घ्यावं. शेजारी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, कुटलेली लसूण, कांदा.

"हे काय खाताय?" मी विचारलं.

"काही नाही हो. उरलंसुरलं," बायको म्हणाली. "तुम्हाला पाणी हवंय ना? घ्या."

उरलंसुरलं! त्या वासाने मी दाराशी खिळलो होतो. आजवर मला मधला तुकडा मिळायचा, मानाचा, काटा नसलेला. मी समजत होतो, की घरातलं चांगलं ते माझ्या ताटात येतं. आणि इथे सगळी मजा टोपाच्या बुडाशी! पाणी पिऊन मी बाहेर आलो. पोट भरलेलं होतं, तरी त्या भातासाठी जीव खालीवर होत होता. मागायला तोंड उघडेना. घरचा कर्ता पुरुष टोप चाटायला मागणार?

त्या मुलीचं मात्र सगळं कसं मजेत! ती म्हणे समुद्रकाठच्या गावची. त्यांच्याकडेही वाळूत जाळीवर मासळी वाळत घालतात आणि वासाने पाहुणे नाकाला रुमाल लावतात. गावात मासेवाली आली, की ही टोपलीशी बसून मासे दाबून बघायची. सकाळी शाळेत जाण्याआधी उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ आणि लोणच्याचा खार. मी अंडी-पाव आणवून ठेवले होते, इंग्रजी नाश्ता म्हणून. ते पाव मीच खाल्ले, बरेच दिवस.

आणि गप्पा. हिला मराठी येते ती दहावीस शब्दांची, आणि आमच्या हिला इंग्रजी शून्य. पण आत तासन्‌तास गप्पा! त्या मुलीचा एक आवडता शब्द होता, तो ती शाळेतल्या मुलांकडून शिकली होती: "मग?" बायकोने एक वाक्य टाकलं, की ही "मग?" आणखी एक, की पुन्हा "मग?" त्या एका शब्दाच्या जोरावर तिने माझ्या बायकोकडून काय काय काढून घेतलं, देव जाणे. बायकोचं माहेर खाडीकाठचं. तिथल्या गोष्टी चालायच्या. एका दुपारी मी टेबलाशी जेवत होतो आणि आतून बायकोचा आवाज आला:

"पाणी इथवर आलं! इथवर! आणि तो मला म्हणाला, टोपली टाक."

"मग?"

"मी नाय टाकली."

"मग?"

"मग त्याने माझा हात धरला..."

नेमका तेव्हा कुकर बोंबलला. शिट्टी थांबली तोवर दोघी हसून हसून लोळत होत्या आणि गोष्ट संपलेली. माझा घास हातातच. तो? तो कोण? कुठली टोपली? कोणी धरला हात?

आता हसू नका. माणूस साठी ओलांडलेला असला म्हणून काय झालं? आमच्या मुलाला मुलगा आहे, हे मला माहीत आहे. पण माझ्या बायकोचा हात कुणी एका 'त्या'ने धरला होता, ते पोर्तुगालच्या मुलीला ठाऊक आणि मला नाही! सरळ विचारायचं तर मी चोरून ऐकत होतो हे कबूल करावं लागणार. मी संध्याकाळी आडून आडून विचारलं, "तुमच्या खाडीवर काय गं, पोहता येणारी माणसं पुष्कळ असतील?" बायको म्हणाली, "असतील. तुम्हाला पोहायला जायचंय?"

मग एक रविवार आला. जिल्हाभर वाटलेली ती परदेशी मुलं महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जमत. या वेळी आमच्याकडे ठरलं. मी म्हटलं, आता बघू! एवढी माणसं स्वयंपाकघरात मावणारच नाहीत, टेबलाशी यावंच लागेल. सकाळपासून मी ओटीवर, इस्त्रीचा सदरा घालून, वर्तमानपत्र हातात. आली चौघं एसटीने, धुळीने माखलेली. आंजर्ल्याचा तो कासवांचा मुलगा तर एवढ्या लांबून, तीन गाड्या बदलून. सगळ्यांनी मला नमस्कार केला. एकाने टेबलाचा फोटो काढला, मला त्यामागे उभं करून. "व्हेरी नाइस टेबल, काका." आणि ओळीने आत.

मावली! सगळी मावली! कोणी पाटावर, कोणी पोत्यावर, एक जण उंबऱ्यावर. मी दारात उभा राहून बघत होतो. कासवांचा मुलगा मासे खात नाही, मटण खात नाही, दूध-तूप नाही, मधसुद्धा नाही. बायको कळवळली. "अरे देवा, मग जगतो कशावर बिचारा?" तिने त्याला कुळथाची पिठी आणि फणसाच्या उकडलेल्या आठळ्या दिल्या, तर तो इतका जेवला की भाकऱ्या कमी पडल्या. दुसऱ्या एकीने पिशवीतून बिनदुधाच्या चॉकलेटची वडी काढली. घरून कोणी पाठवलेली, जपून ठेवलेली, उन्हाने वाकडी झालेली. तिने तिचे बारीक बारीक तुकडे केले आणि देवळात प्रसाद वाटतात तशी वाटली. तो तुकडा तोंडात ठेवून सगळ्यांनी डोळे मिटले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बायकोने तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कोण कुठली मुलगी! मला ताप आला की माझ्या उशाशी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवला जातो. हात कधी फिरला होता, ते मला आठवेना.

चॉकलेट माझ्यापर्यंत आलं, हे खरं. त्या मुलीने आठवणीने आणून दिलं. पण टेबलावर आणून दिलं.

मी दोन-चार उपाय करून पाहिले. म्हटलं, टेबल डगडगतंय, मी आज आत जेवतो. बायकोने पायाखाली पुठ्ठा सारला. म्हणाली, "बघा, हललं तर सांगा." एकदा राजापूरला जाऊन मोठी सुरमई घेऊन आलो. म्हटलं, एवढा मासा आणलाय, आज सगळे मिळून बसतील. झालं काय, तळलेले दोन जाड तुकडे माझ्या ताटात आले आणि सुरमईचं डोकं आत गेलं. त्या डोक्याचा वास टेबलावर आला, आणि हसण्याचा आवाजही.

शेवटी एका दुपारी मी पोफळीची युक्ती काढली. वीजघरात आम्ही अडचण असली की ड्युटी बदलून घ्यायचो. मी त्या मुलीला म्हटलं, "टुडे, आय सेकंड." ती एकदम खूश झाली. "काका सेकंड? ओके!" मी मनात म्हटलं, जमलं. हा गडी अंघोळ करून, डोक्याला तेल लावून, मुद्दाम जरा उशिराने स्वयंपाकघरात शिरला. तर दोघी हात धूत होत्या!

"हे काय?" मी म्हटलं.

"ती म्हणाली, काका आज सेकंड शिफ्ट," बायको म्हणाली. "मी म्हटलं बरंच झालं, मला भूक लागलीच होती. तुमचं ताट टेबलावर झाकून ठेवलंय."

आणि टोप? घासून, पालथा घातलेला. माझ्या तोंडाला पानं पुसली गेली, मी आपला टेबलाशी गेलो. इतका संताप आला होता, की वाटलं फणसाचं ते टेबल उचलून आंब्याखाली नेऊन टाकावं. पण सहा माणसांचं टेबल एकट्याला उचलत नाही.

शिमगा आला, पालखी घरोघर नाचून गेली, आणि त्या मुलीच्या जायचा दिवस उजाडला. बायकोने आदल्या दिवसापासून बांधाबांध चालवली होती. सुके बांगडे कागदात, कागद पिशवीत, पिशवी तेलाच्या रिकाम्या डब्यात, वरून चिकटपट्टी. तरी वास यायचा तो आलाच. एसटी येईपर्यंत दोघी एकमेकींना धरून रडत होत्या आणि डबा माझ्या हातात. लोकांना वाटलं असेल, मी फार धीराचा. मी मनात हिशेब मांडत होतो: आता घर माझं. आता आतलं हसणं बंद. माझ्या मनाला गारवा वाटत होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बस आली. मुलगी माझ्या पाया पडली, डबा घेतलान आणि डोळे पुसत पुसत विचारलंन, "काका, आता सेकंड शिफ्ट कोण?"

मी म्हटलं, "हां हां, बस सुटेल, चढ."

घर शांत झालं. दुपारी टेबलावर ताट आलं. आतून भांड्यांचा आवाज आला, पूर्वीसारखा, आणि लगेच नळ सुरू झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. बायको उभ्या उभ्या चार घास खाऊन मोकळी होत होती. भाजलेल्या बांगड्याचा वास नाही, लसूण कुटल्याचा आवाज नाही. मला वाटलं होतं, ती गेली की तिची जागा मला मिळेल. कसली जागा? ती गेली आणि तिने जागाच उचलून नेली. इथे होती तोवर तिच्यावर जळत होतो, गेल्यावर त्याहून जास्त जळायला लागलो.

असेच दिवस गेले. मग एका सकाळी मासेवालीने तिसऱ्या आणल्या, खाडीतले टपोरे शिंपले. बायकोने खोबऱ्याचं वाटण लावून सुकं केलं. माझं ताट टेबलावर आलं. मी ते उचललं, आत गेलो आणि पाटावर बसलो. गुडघे कुरकुरले.

बायको टोपाशी उभी होती. "काय हवंय?"

"काही नाही. जेवतोय."

"टेबल हलतंय काय?"

"टेबलाला काही झालेलं नाही!" मी जरा जोरातच बोललो. "मला इथे बसायचंय. मला टोपातला भात पाहिजे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने टोप खाली ठेवला, त्यात भात घातला, तेल सोडलं, आणि समोर बसली. आम्ही खायला लागलो. काय सांगू त्या भाताची चव! पण आवाज कसला तो नाही. तिचा हात टोपाच्या एका कडेला, माझा दुसऱ्या. नव्या नवरा-नवरीसारखे आम्ही दोघे संकोचून खात होतो. शेवटी जे पोटात होतं ते बाहेर पडलं.

"तो कोण होता?"

"कोण तो?"

"टोपली टाक म्हणणारा. ज्याने हात धरला."

 क्षणभर ती समजली नाही. मग समजली, आणि जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबून. "अहो, तरीवाला हो तो! होडीने माणसं खाडीपार न्यायचा. माझ्या बापाच्या वयाचा! मेला तोंडात एक दात नव्हता!" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुम्ही एवढे दिवस तो घेऊन बसलात?"

मी भात चिवडायला लागलो. कान तापले होते. "मला काय माहीत? मला कोण सांगतंय? जगाला सांगत बसतेस."

हसणं थांबलं. तिने पदराने डोळे पुसले.

"तुम्हाला सांगितलीय की ही."

"मला? कधी?"

"पोफळीला. लग्न होऊन नुकती क्वार्टरमध्ये आले होते तेव्हा. सगळ्यांत पहिल्यांदा तुम्हालाच सांगितली. तुम्ही ड्युटी करून आला होतात, हं हं करत होतात, म्हणून मी आपली सांगत गेले. तरीवाल्याने हात धरला आणि बघते तर तुम्ही घोरताय."

"मग उठवायचं नाहीस?"

"दमून आला होतात."

"मग नंतर सांगायची."

"नंतर कुठे विचारलंत?" ती म्हणाली. रागाने नाही. खोबऱ्याला मीठ कमी पडलंय, असं सांगावं तशी म्हणाली, आणि शिंपला चोखायला लागली.

 इतके महिने मी त्या मुलीवर जळलो, आणि ती तर मी टाकलेली गोष्ट उचलून घेऊन गेली होती. मी म्हटलं, "आता सांग."

"आता? जेवा, गार होतंय."

"सांग म्हणतो ना!"

तिने टोपाच्या बुडाचा मसाला भाताला लावला आणि सुरू केलं. ओहोटीला ती आणि तिची थोरली बहीण खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर तिसऱ्या काढायला गेल्या होत्या. टोपली भरत आली होती. बहीण हाका मारून मारून परत गेली. ही वाकलेलीच. मान वर करून बघते, तर आजूबाजूने पाणी चढलेलं.

"हं," माझ्या तोंडून गेलं. जुनी सवय.

तिचा हात टोपात थांबला. तिने वर बघितलं, मी जागा आहे की नाही ते बघावं तसं. मी घाईघाईने म्हटलं, "मग?"

"अगो बाई!" ती हसली. "अगदी तिच्यासारखं म्हणालात!"

मिरची लागली तसं झालं मला. माझ्या घरात, माझ्या बायकोपुढे, तो शब्दसुद्धा त्या मुलीचाच! पण दुसरा शब्द मला येत नव्हता. बायको पुढे सांगत होती: पाणी गळ्याशी आलं, तरीवाला आला, टोपली टाक म्हणालान, हिने नाही टाकली, मग त्याने हिला टोपलीसकट ओढून होडीत घेतलंन आणि काठावर उतरवताना भाडं म्हणून अर्ध्या तिसऱ्या काढून घेतल्यान. एवढ्या वर्षांनी सांगतानाही ती त्याच्यावर चिडली होती. मी तिचा चेहरा बघत होतो. सांगण्याच्या नादात टोपातला शेवटचा घास तिनेच तोंडात टाकला, माझ्याकडे न बघता.

"मग?" मी म्हटलं.